गाळलेला अध्याय

माझा आवाज मोठा आहे. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरं वळली, त्याचा हा प्रसाद. म्हणून आमच्या चर्चने शुभवर्तमान तापीकाठच्या बोलीत ध्वनिमुद्रित करून गावोगाव द्यायचं ठरवलं, तेव्हा पाळकसाहेबांनी सरळ माझं नाव घेतलं. "सुलभाबाई, जाऊन शिष्य करा असं प्रभूने सांगितलंय. तुम्ही घरबसल्या करा." घरबसल्या हा शब्द मला फार आवडला.

इतवारा मोहल्ल्यातल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत, खिडक्यांवर गोधड्या टांगून आम्ही ते काम केलं. शेजारी पावरलूमचा कारखाना, अष्टौप्रहर खटखट. फक्त शुक्रवारी दुपारी नमाजासाठी माग थांबत. तेवढा तासभर आमचा. असे तीसेक शुक्रवार गेले आणि सगळं वाचून झालं, एक अध्याय सोडून. येशूला धरून नेतात आणि त्याचा शिष्य पेत्र अंगणात शेकोटीपाशी बसून तीन वेळा म्हणतो की मी या माणसाला ओळखत नाही, आणि मग बाहेर जाऊन रडतो, तो अध्याय. तो वाचायला बसले की काहीतरी व्हायचंच. एकदा ठसका लागला. एकदा माग वेळेआधी सुरू झाले. एकदा तर समोरची ओळच दिसेना. शेवटी मी वैतागले आणि म्हटलं, "गाळा तो. भित्र्या माणसाची गोष्ट लोकांना कशाला ऐकवायची?" तो गाळला.

मग माझा आवाज भरलेल्या, बटण दाबलं की बोलणाऱ्या तळहाताएवढ्या डब्या तयार होऊन आल्या. आत सेल, पाठीवर तो उन्हात भरून घ्यायची काच. एक डबी मी निंबोला गावातल्या लोटूला दिली. लोटू चाळिशीचा, केळीचा बागायतदार, स्वतःच्या बागेतली केळ्यांची फणी मला आणून द्यायचा. तो डबी केळीच्या खोडाला सुतळीने बांधून काम करता करता ऐकायचा आणि रविवारी येऊन असे प्रश्न विचारायचा की माझी भंबेरी उडायची. दोन वर्षांनी एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, मी चाललो त्याच्या मागं." मी म्हटलं, "मग आता तूही कुणाला तरी सांग." माझा पहिला आणि एकुलता एक शिष्य. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

त्याने सांगितलं. केळी कापायला आलेल्या टोळीला, जेवणाच्या सुट्टीत. टोळीचा मुकादम चुडामण त्याला म्हणाला, हे कुठून आणलंस? लोटूने माझं नाव घेतलं आणि म्हणाला, विचारा त्यांना.

ते विचारायला आले. चुडामण चपला बाहेर काढून, हात जोडून उभा राहिला. "बाई, भिऊ नका. गावात लोक काहीबाही बोलून राहिले, का याच्या मागं कोनी बाहेरचे हाय. डबी तुम्ही दिली आसन तं हो म्हना, बात खतम." कुणी डोळे वटारले नाहीत, कुणी आवाज चढवला नाही. लोटू त्याच्या मागे उभा होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पेपरात धर्मांतराच्या बातमीत छापलेलं माझं नाव आलं, गल्लीतले लोक आले. पोरांना चौतीस वर्षं खरं बोलायला शिकवणारी ही बाई म्हणाली, "मी याला ओळखत नाही. कधीमधी केळी आणून देतो, तेवढंच."

लोटूने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा, निशाचा फोन आला. राँग नंबर म्हणून मी तो ठेवला.

दोन महिने गेले. गेल्या शुक्रवारी सकाळी लोटूची आई गोदाबाई माझ्या दारात आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, तुमचा आवाज बागेत बोलून राहिला. चला, त्याले बंद करा."

"लोटूला म्हणावं, बटण दाब."

"बटन कायचं? तुमच्या घरून आला त्याच दिवशी त्यानं सेल काढून फेकला. तरी दर शुक्रवारी दुपारी बोलते. आता तं मुकादम बी आयकाले येते."

मी गेले ते काही धीट झाले म्हणून नाही. माझा आवाज गावभर बोलतोय, तो गप्प करायला गेले.

केळी हिरवी असतानाच कापतात. झाडावर पिकलेली अख्खी बाग निंबोल्यात कुणी पाहिलेली नसते. मी ती पाहिली. खोटं बोलणाऱ्याच्या बागेत आम्ही पाय ठेवत नाही, असं म्हणून टोळी फिरकली नव्हती आणि ते बघून दुसरीही आली नव्हती. घड पिवळे होऊन, काळे पडून, फुटून लोंबत होते. खाली लगदा, नाकात जाणारा गोड आंबूस वास. एवढ्या फळावर माशा हव्यात, पाखरं हवीत. एकही नव्हतं. भर दुपारी पानसुद्धा हलत नव्हतं.

लोटू एका खोडाशी बसला होता. पार वाळला होता. मला पाहून उठला आणि माझ्यासाठी पोतं अंथरलं. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चुडामण बांधावर उभा होता.

डबी खरखरली आणि तिच्यातून मी बोलू लागले. तोच अध्याय. मी तो कधीच वाचला नव्हता, तरी पुढचा श्वास कुठे घेतला जाईल ते मला आधी कळत होतं. आवाजामागे माग चालू होते. एक दासी पेत्राला विचारते, तू त्याच्याबरोबर होतास ना? तो नाही म्हणतो. पुन्हा विचारतात, पुन्हा नाही. थोड्या वेळाने लोक जवळ येऊन तिसऱ्यांदा विचारतात... आणि आवाज थांबला. नुसती खटखट उरली.

"इथून पुढं बोलत नाही," लोटू म्हणाला. "दर शुक्रवारी इथंच थांबते."

चुडामण बांधावरून खाली आला. हात तसेच जोडलेले. "बाई, या मानसाले तुम्ही ओळखता का?"

मला लाज वाटत होती, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. 'नाही' जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात डबीतल्या माझ्या आवाजाने श्वास घेतला. काय बोलायचं ते डबीतल्या त्या बाईचं ठरलेलं होतं. ती माझ्याआधी 'नाही' म्हणाली तर ते कायमचं होणार, एवढं मला कळलं आणि मी शाळेतल्या आवाजात ओरडले, "ओळखते. डबी मी दिली. शिकवलं मी, जाऊन सांग म्हटलं तेही मी. हा माझा माणूस आहे. त्या दिवशी खोटं मी बोलले, लोटू नाही."

खटखट थांबली. कुठूनशी एक माशी येऊन घडावर बसली. मग दुसरी.

"उद्या टोळी पाठवतो," चुडामण म्हणाला. मग त्याने वर घडांकडे पाहिलं. कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तेव्हा डबीतून कुणीतरी रडायला लागलं. बाईमाणूस, हुंदके देत. आवाज माझाच होता आणि माझे डोळे कोरडे होते. लोटूने सुतळी सोडून डबी माझ्या हातात ठेवली. सेलची जागा रिकामी, डबी मात्र तापलेली. ती बंद कशी करायची ते मला समजेना. मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं होतं, तो म्हणेल झालं गेलं विसरा.

"रडू द्या तिले," लोटू म्हणाला. "दोन महिन्यापासून थांबून राहिली होती."