हसले ते बारा

शाळेच्या फाटकापासून गाड्यांची रांग पार अक्कलकोट रोडपर्यंत गेली होती. धुळा कोळेकर पोरीचा हात धरून ती रांग बघत उभा होता. एवढ्या गाड्या त्यानं एकदाच बघितल्या होत्या, आमदाराच्या पोराच्या लग्नात. हे लग्न नव्हतं. पहिलीचा प्रवेश होता. आणि सगळ्यात नवल म्हणजे ही माणसं आपल्या पोरांना कानडी यावी म्हणून आली होती.

कानडी ही धुळाच्या लेखी पायाची धूळ. मंगळवेढ्याकडचा धनगर तो. दसरा झाला की मेंढरं घेऊन कर्नाटकात इंडीच्या बाजूला उतरायचं, आठ महिने याच्या त्याच्या रानात मेंढरांचा वाडा बसवायचा, पावसाच्या तोंडाला गावाकडं परतायचं. ज्याचं रान त्याच्याशी कानडीत बोलल्याशिवाय तो मेंढरं बसू देत न्हाय, म्हणून कानडी आली. तिच्यासाठी कुणी कधी पाठीवर हात ठेवला नव्हता. गावात पोरं त्याला कानडी म्हणून चिडवायची आणि तिकडं गेलं की मराठा म्हणून. शाळेची तर बातच नको. चार वर्षांत चार शाळा झाल्या, दोन मराठी आणि दोन कानडी, आणि चारही ठिकाणी मास्तरांनी मागच्या बाकावर बसवून ठेवलं. धुळाला सही येते आणि अक्षराला अक्षर लावून वाचता येतं, बस्स.

मायाक्काचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. पोरगी सहा वर्षांची झाली होती. धुळाची बहीण शाळेजवळच राहायची, ती म्हणाली होती, "प्रवेश मिळाला तर ठिवीन मी तिला. न्हाय मिळाला तर ने बाबा मेंढरामागं." म्हणजे आज काय ते ठरणार होतं. एक तर ही शाळा, न्हाय तर दसऱ्याला घोड्यावरच्या बिऱ्हाडात कोंबड्यांशेजारी मायाक्का.

नीलांबिका शाळेत एक जोडवर्ग होता. तीस पोरांचा. पंधरा पोरं घरात मराठी बोलणारी, पंधरा कन्नड बोलणारी. सकाळी सगळे विषय कन्नडमधून, दुपारी सगळे मराठीतून. बाई शिकवायच्याच, पण खरं शिकवायची ती शेजारची पोरं. सकाळी कन्नड पोरं मराठी पोरांना ओढायची, दुपारी मराठी पोरं त्यांना. फी न्हाय. पहिली पाच वर्षं या वर्गाकडं काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं, हमालांची आणि भाकरीवाल्या बायकांची पोरं भरून वर्ग चालवला होता. मग त्यातली निम्मी पोरं स्कॉलरशिपच्या परीक्षेत झळकली आणि शहराला अचानक कानडीचा पुळका आला.

यंदा मराठीच्या पंधरा जागांना एकशेबारा फॉर्म आले होते. कन्नडच्या पंधराला सत्तेचाळीस. आता शहाणी माणसं काय करतील? ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी कानडीत शिंकलं नव्हतं, त्यांनी 'घरातील भाषा' या रकान्यात कन्नडपुढं बरोबरची खूण केली.

आणि धुळानं काय केलं? त्यानं हिशेब केला. आठ महिने तिकडं, चार महिने हिकडं. मायाक्का आईला मराठीत भूक सांगते आणि कुत्र्याला कानडीत हाकलते. खोटं कशाला लिहायचं, म्हणून त्यानं दोन्ही भाषांपुढं खूण केली. फॉर्मवर शिक्का बसला, 'दोन खुणा, बाद'.

मुख्याध्यापिका कलशेट्टी मॅडमनी सगळ्या पालकांना दहा वाजता हॉलमध्ये बोलावलं होतं. एका फॉर्मामागं एकच माणूस. पोरं मागच्या पटांगणात सोडली होती. बाद झालेल्यांनाही बसू दिलं. धुळा पटका काढावा का डोक्यावर ठेवावा या विचारात शेवटच्या रांगेत टेकला. शेजारी हणमंत नावाचा माणूस होता, टॉवेलच्या कारखान्यात कामाला, शर्टाच्या खिशाला बाबासाहेबांचा बिल्ला. त्याची पोरगी बुद्धप्रिया मराठीच्या यादीत.

"तुमचं कशात?" हणमंतनं विचारलं.

"दोनीकडनं बाद," धुळा म्हणाला.

"मग बसा निवांत. आमाला अजून धाकधूक हाय."

मॅडम म्हणाल्या, "चिठ्ठ्या काढायच्या आधी कुणाची तक्रार असेल तर बोला." मग काय, मोहोळच उठलं. पहिल्यांदा एक बाई म्हणाल्या, थोरलं पोर इथं शिकतंय तर धाकट्याला आपोआप घ्या. दुसरा म्हणाला, मग तर हा वर्ग दहा घरांचं वतनच होईल. एकजण म्हणाला, जवळ राहणाऱ्यांना घ्या. त्यावर लांबून आलेले उसळले, जवळ राहणारा भाडं भरणारा की मालक ते ठरवा आधी. कुणी म्हणालं, पोरांचीच तोंडी परीक्षा घ्या. मॅडम म्हणाल्या, "लहान मुलांची परीक्षा घ्यायला कायद्यानं बंदी आहे. मी घेणार नाही."

हणमंत उठला. "मॅडम, सरळ बोलतो. कन्नडच्या यादीत खोटे लई घुसल्यात. तुमालाबी म्हाइत हाय. आमी मराठी लिवलं, खरं लिवलं, आन् एकशेबारात जाऊन पडलो. खरं लिवणाराची रांग लांब आन् खोटं लिवणाराची आखूड, हा कुटला न्याय?"

टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतले बापूसाहेब उठले. प्लॉटिंगचा धंदा, बोटात तीन अंगठ्या, नातवासाठी आलेले. त्यांनी पाठीमागं वळून सगळ्यांवर नजर फिरवली.

"कुणाच्या घरात काय बोलतात हे बाहेरच्यानं ठरवायचं काय? आमच्या घरात कन्नड अगदी वाहते. शंभरच्या बाँडवर लिहून दिलंय मी. आणखी काय छाती फाडून दाखवू?"

मधल्या रांगेतून नीलव्वा उठली. साठीची बाई, कडक भाकरी करून घरोघरी विकणारी, नातीसाठी आलेली. तिला मराठी येत नव्हतं असं न्हाय, पण ती कानडीतच बोलली. चेहरा दगडासारखा ठेवून, एकेक शब्द सावकाश. ती म्हणाली, "या सायबांच्या दारात मी सहा वर्षं भाकरी घालते. दोन पायजेत का चार, ते आजवर यांनी मला तोंडानं सांगितलं न्हाय, बोटं दाखवतात. बोटं दाखवणं ही कानडी असेल, तर माझी म्हैस शेपटी हलवून रोज माझ्याशी कानडी बोलते. तिचा पण फॉर्म घ्या."

धुळाला हसू फुटलं. मेंढरामागं ओरडून ओरडून रुंद झालेला गळा तो, हॉलभर घुमला. डाव्या कोपऱ्यात एक बाई पदर तोंडाला लावून हसली. खांबाजवळचा रिक्षावाला मांडीवर थाप मारून हसला. मग तिकडं एक, पलीकडं दोघं. आणि बापूसाहेब? बापूसाहेबांनी गंभीरपणे मान हलवली, म्हणाले, "बरोबर बोलल्या मावशी," आणि टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागं पाचपंचवीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर जे झालं ते धुळा मरेपर्यंत विसरणार न्हाय. टाळ्या विरत गेल्या. हॉलमध्ये दीडशेच्या वर माणसं, आणि त्यात हसणारी फक्त बारा. बाराही जण माना वर करून एकमेकांना बघत होते. कुणाच्या अंगावर खाकी, कुणाच्या हातात हेल्मेट, एक तर डॉक्टरीण होती. धुळानं त्यातल्या एकालाही आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी वाड्यात कोकरं सोडली की शंभर मेंढ्यांत प्रत्येक कोकराला आपली आई बरोबर सापडते, हे तो जन्मापासून बघत आला होता. पण माणसांत असं काही असतं, आणि त्यात आपणही असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या भाषेत त्यानं आजवर फक्त रान मागितलं होतं, तिनं आज या हॉलमध्ये कुणालाही हात न लावता धान्य आणि भुसकट वेगळं केलं होतं.

न हसलेल्यांनाही उशिरा का होईना कळलं. शेजारच्यानं शेजाऱ्याला अर्थ सांगितला, तो रांगेरांगेतून पुढं सरकत बापूसाहेबांच्या कानापर्यंत गेला. त्यांचे कान लाल झालेले मागून दिसले.

कलशेट्टी मॅडम हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कुणी कन्नड समजतं म्हणून हसलं, कुणी समजूनही हसलं नसेल. मी त्यावरून कुणाचं नाव काढणार नाही. पण चुकून खूण झाली असेल तर दुरुस्त करायला अर्धा तास देते. बाद फॉर्मसुद्धा दुरुस्त करता येतील. खूण एकच."

त्या अर्ध्या तासात माणसं खाली मान घालून टेबलापाशी गेली. काहींनी कन्नड खोडून मराठीवर खूण केली, काही फॉर्म घेऊन सरळ गाडीत जाऊन बसले. बापूसाहेब फोन कानाला लावून गेले ते आलेच न्हाईत. दोघं निगरगट्ट मात्र तिथंच बसून राहिले, त्यांना काय करणार. शेवटी मॅडमनी मोजले. कन्नडचे चौदा. जागा पंधरा.

धुळा फॉर्म हातात धरून उभा होता. हणमंत जवळ आला.

"जा की. एक जागा हाय. चिठ्ठीबी न्हाय लागायची."

"मराठी खोडावं लागतंय."

"मग?"

"मराठी हाय की वो आमी. खोडायचं कसं?"

हणमंतनं टेबलावरच्या मराठी फॉर्मच्या गठ्ठ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "तुमी न्हाय घेतली तर ती जागा आमच्याकडं वळंल. पंधराच्या जागी सोळा. मी तुमाला जा म्हणतोय, ते ध्यानात ठिवा."

धुळानं बायकोला फोन लावला. रूपाली मेंढरांजवळ होती, मागं कुत्री भुंकत होती. त्यानं सगळं सांगितलं.

"आन् तुमी उभं ऱ्हाऊन इचार करतायसा?" रूपाली म्हणाली. "पोर जन्मली इंडीच्या शिवारात. सुईण कानडी. नाळ तितं पुरली. कानडी ठोका. खोटं कुटं हाय त्यात?"

"मराठी खोडायची म्हणतोय मी."

"कागदावर खोडली म्हणून तोंडातनं जाती व्हय? आयुष्यभर खोडलेलंच हावं आपुन, कवा मराठीतनं तर कवा कानडीतनं. आज पहिल्यांदा कुणीतरी एक ठिवा म्हणतंय. ठिवा."

धुळा टेबलापाशी गेला. मराठीपुढच्या खुणेवर त्यानं आडवी रेघ मारली. मॅडमनी बाजूला सही केली आणि लिहिलं, मायाक्का धुळा कोळेकर, कन्नड, पंधरावी. संपलं. चार शाळांत मागच्या बाकावर बसवलेल्या बापाच्या पोरीला इतक्या गाड्यांच्या नाकावर टिच्चून जागा मिळाली. धुळा त्या अक्षरांकडं बघत राहिला. अक्षराला अक्षर लावून त्यानं पोरीचं नाव तीनदा वाचलं.

मराठीच्या चिठ्ठ्या दुपारी एकला निघाल्या. पत्र्याच्या डब्यात एकशेतीस चिठ्ठ्या. हणमंत दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून बसला होता. पंधरा नावं वाचली गेली. बुद्धप्रियाचं नव्हतं.

तो उठला. आरडाओरडा केला न्हाय. मॅडमसमोर जाऊन म्हणाला, "चिठ्ठी खरी व्हती, कबूल. पर पंधरा जागा आन् एकशेतीस लेकरं, ह्यो न्याय न्हवं मॅडम, ही लॉटरी हाय. वर्ग वाढवा. फुडल्या वर्षी मी पन्नास जण घिऊन अर्ज द्यायला येतो."

"या," मॅडम म्हणाल्या. "मी पहिली सही करते."

धुळा उठून हणमंतजवळ गेला. दोघं मिळून पटांगणात पोरी शोधायला गेले.

लिंबाच्या झाडाखाली मायाक्का, नीलव्वाची नात आणि बुद्धप्रिया अशा तिघी खेळत होत्या. मातीत आखलेल्या घरांतून बुद्धप्रिया लंगडी घालत होती आणि घरं कानडीत मोजत होती. ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. सहाव्या घरावर अडखळली तेव्हा मायाक्कानं बाहेरून आकडा ओरडून सांगितला, आणि ती तोच आकडा म्हणत पुढच्या घरात उडी मारून गेली. तीन तास झाले होते फक्त. कुसळाच्या रानातनं गेलेल्या मेंढीच्या लोकरीसारखी पोरगी भाषेनं भरली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. धुळा चकित होऊन बघत राहिला. एवढं सोपं होतं हे. एवढ्या सोप्या गोष्टीला दार लावून बाहेर चिठ्ठ्यांचा डबा ठेवला होता.

"चल गं," हणमंत म्हणाला.

"थांब की पप्पा," बुद्धप्रिया म्हणाली. "दहापर्यंत व्हायचंय."

हणमंत थांबला. धुळा त्याच्या शेजारी थांबला. ती दहापर्यंत मोजून झाल्यावर चौघं मिळून फाटकाकडं निघाले.