आतला धूर

ती स्टुलावर चढून खिडकीच्या फटीवर चिकटपट्टी लावत होती. खाली आई अग्निशामक दलाचा जाड कोट दोन्ही हातांत धरून झटकत होती. प्रत्येक झटक्यासरशी राखाडी भुकटी उडायची, दिव्याखाली थोडा वेळ तरंगायची आणि निमूट जमिनीवर बसायची.

"एवढं लिंपून मला काय बरणीत भरून ठेवणार आहेस?" आईनं विचारलं.

"बाहेर बघ जरा. समोरची गच्ची दिसत नाही."

"दिसून तरी काय? तिथं आहे कोण?"

ते खरं होतं. डोंगरावरचं जंगल पेटल्यापासून गल्ली हळूहळू रिकामी झाली होती. ज्यांना जायला जागा होती ते गेले होते. आई हलली नाही. घराच्या पुढच्या खोलीतच तिची लाँड्री होती. नेहमीची गिऱ्हाइकं उरली नव्हती, पण जवानांच्या कपड्यांचे गठ्ठे येत होते. गठ्ठ्याबरोबर कुणीतरी दारात यायचं, दोन शब्द बोलायचं. लेकीला ते कळत होतं, म्हणून तिनं निघायचा विषय काढणं सोडलं होतं. आईचा दमा मात्र ती विसरू शकत नव्हती. सापडेल ते सगळं तिनं वाचून काढलं होतं, आणि वाचलेलं तसंच्या तसं केलं होतं. दाराखाली ओला टॉवेल, खिडक्यांना पट्ट्या, न्हाणीघराच्या झरोक्यात बोळा.

दार वाजलं.

"खांब आला," आई म्हणाली.

दलातला तो उंच जवान वाकून आत आला आणि त्यानं लगेच पाठीमागे दार ओढून घेतलं.

"लावलं दार. ताई, रागावू नका."

"डोकं सांभाळ रे. मागच्या खेपेला माझ्या चौकटीला पोचा पाडलास."

"आणि माझ्या कपाळाचं काय, मावशी?"

"ते आधीपासूनच तसं होतं."

तो हसता हसता खोकला. आईही खोकली. मग त्यानं खांद्यावरचा गठ्ठा आईच्या पायाशी टाकला, आणि लेक पुन्हा स्टुलावर चढली. एक कोपरा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला श्वास पुरेना.

इस्पितळाच्या व्हरांड्यात खाटा मांडल्या होत्या. डॉक्टरांचे डोळे लाल होते. त्यांनी आईचं बोट ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यातून सोडवलं आणि विचारलं, "घरात काही जळत होतं का? कोळसा, शेगडी?"

"नाही. सगळं बंद होतं. बाहेरचा धूर आतच येत नव्हता."

"बघा आठवून."

तिनं आठवलं. तिला काही सापडलं नाही. संध्याकाळपर्यंत आई गेली. परगावाहून भावाचा फोन आला, रस्ते बंद होते. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "पण झालं काय नेमकं?" ती म्हणाली, "धूर." त्यानंतर ती कुणाशी फारसं बोललीच नाही.

घरी सगळं होतं तसंच पडलं होतं. भेटायला येणारं कुणी नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून तिनं आईच्या खुर्चीवरचा अर्धवट झटकलेला कोट उचलला आणि आईसारखाच दोन्ही हातांनी झटकला. भुकटी उडाली. तिला ठसका लागला. ठसका थांबल्यावरही ती कोट तसाच धरून उभी राहिली. मग तिनं तो टेबलावर ठेवला आणि पदरानं टेबल पुसलं. पदर काळा झाला. कपाटाची वरची फळी पुसली. दिव्याची काच पुसली. आईच्या उशीचा अभ्रा तिनं उलटा करून पाहिला आणि पुन्हा होता तसा घातला.

खिडकीपाशी जाऊन तिनं पट्टीचं एक टोक नखानं उचललं. बाहेर धूरच होता. टोक तिनं पुन्हा दाबून बसवलं.

दार वाजलं तेव्हा तिनं ते अर्धंच उघडलं.

"मावशी आहेत का?" जवानाच्या खांद्यावर नवा गठ्ठा होता. "चार-पाच दिवस वरच अडकलो होतो. आता घरी निघालोय. म्हटलं, हे टाकून जावं."

"आई गेली."

त्यानं गठ्ठा खाली ठेवला.

"धुरानं?"

एवढ्यावर हो म्हणून दार लावता आलं असतं. त्याच्या भुवया जळून आखूड झाल्या होत्या. तो झोपला नव्हता हे दिसत होतं.

"घरी कोण आहे तुमच्या?" तिनं विचारलं.

"बायको. आणि लेक, चार वर्षांची." तो कसनुसा हसला. "दारातच अंगावर उडी मारते. मग उतरतच नाही."

ती बाहेर पायरीवर आली आणि तिनं दार ओढून घेतलं.

"धूर तुमच्या कपड्यांतून आला," ती म्हणाली. "आई घरात बसून कोट झटकायची."

त्याचा हात नकळत स्वतःच्या कोटाच्या बटणावर गेला.

"म्हणजे आम्हीच..."

"तुम्ही आणलात. खिडक्या मी बंद केल्या. ठाऊक कुणालाच नव्हतं." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आता ठाऊक आहे. कोट इथंच काढा. लेक रडली तरी चालेल, आधी हात-तोंड धुवा, मग तिला उचला."