सुपारीचं बूड

मित्रांनो, मी दिवेआगरचा जुना अडकित्ता. घडवला तेव्हा माझी पात आरशासारखी होती, असं मीच सांगतो. दुसरं सांगणारं कुणी उरलेलं नाही. चंद्राबाईच्या हातात मी वीस वर्षं सुपारी कातरली. "काय धार हाय!" म्हणत शेजारणी डबा रिकामा करत. मग चक्रीवादळात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि मी फडताळात गंजत पडलो. नव्या पोफळींना सुपारी धरली, तेव्हा कुठे चंद्राबाईला माझी आठवण झाली. तोवर माझी खीळ कर्रकर्र करू लागली होती.

तेव्हा तिची भाची रुचिता ओटीवर फ्रेंच क्रियापदं फोडत बसलेली असे. मोबाइलवर तोंडी परीक्षा होती. पास झाली तर पुण्याला शिक्षण, नाहीतर घरच्या होमस्टेच्या चादरी, असं वडिलांनी बजावलेलं.

"फि-नि-सें-त," म्हणत तिने वही आपटली. "'ते संपवतात' याला नुसतं 'फि-निस' म्हणायचं. शेवटची तीन अक्षरं लिहायची, बोलायची नाहीत! माझ्या तोंडातून जातच नाहीत, आत्या."

"तू बोल, बाय. मी कातरते. एका घावाला एक तुकडा."

कट, फि. कट, निस. रुचिता पुढे 'सें' म्हणणार, तोच चंद्राबाई थांबली. सुपारीचं बूड ती कधीच कातरत नाही, बोट सापडतं.

"एवढं का ठेवलंस?"

"बूड हाय ते. सुपारीला असू दे. कातरायचं न्हाय."

रुचिताने वहीतली शेवटची तीन अक्षरं बोटाने झाकली आणि खुदकन हसली. त्या संध्याकाळी दोघींनी अख्खा डबा भरला. कातरता कातरता चंद्राबाईने किती तुकडे तोंडात टाकले ते मी मोजलंय, पण सांगणार नाही.

परीक्षेच्या सकाळी रुचिताने माझ्या खिळीत खोबरेल सोडलं आणि मला मांडीवर ओढणीखाली घेतलं. चंद्राबाई दाराबाहेर, तोंडावर पदर धरून. मोबाइलमधल्या बाईंनी नेमकं तेच क्रियापद विचारलं. मग तिच्या मुठीत मी मिटलो: फि. पुन्हा मिटलो: निस. तिसऱ्यांदा तिने मला उघडाच धरून ठेवलं. मी जराही कर्रलो नाही.

"छान," बाई म्हणाल्या. "पुढचं?"

रुचिता पुण्याला गेली. आता चंद्राबाई एकटीच कातरते आणि भाचीने शिकवलेलं 'आम्ही संपवतो' घोकते: फि, नि, सों. बूड मात्र बाजूला ठेवते.

मित्रांनो, तुमच्या फडताळात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला थेंबभर तेल द्या. कधी कुणाच्या मुठीत गप्प राहायची वेळ येईल, ते आम्हाला तरी कुठे ठाऊक असतं!