खांबावरचा ढेऱ्या

मी ढेऱ्या बोलतोय. शिकलेली माणसं मला कीचक म्हणतात, पण केनवडच्या पलीकडच्या शिवारात माझं हेच नाव चालतं. देवळाच्या खांबावर चार हातांनी छत तोलून धरलेला, पोट सुटलेला, डोळे बाहेर आलेला बुटका दगडी माणूस तुम्ही पाहिला असेल. पाहून हसलाही असाल. तोच मी.

माझ्या जन्मालाच रक्त लागलं. देवगिरीच्या राजांचा तो काळ. वाकाटकांची राजधानी असलेलं वाशीम तेव्हाच म्हाताऱ्यांच्या गोष्टींत जमा झालं होतं. आता आमच्या गावाची पाळी होती. देऊळ उठत होतं, भोवती पेठ बसत होती, तेलघाणे फिरत होते. मला घडवणाऱ्या पाथरवटाने चिडून मला आपल्या मुकादमाचं तोंड दिलं. मुकादमाने ते ओळखलं आणि त्याच दिवशी हातोडीने पाथरवटाचा अंगठा चेचला. तोंड मात्र तेच राहिलं. ते घेऊन मी खांबावर चढलो आणि डोक्यावर छत आलं.

वरून मी जग पाहिलं. पहिल्यांदा लुटायला आले ते परके नव्हते. आमच्याच एका सरदाराला मोहिमेसाठी सोनं हवं होतं. त्याने पुजाऱ्याला माझ्या खांबाला बांधून भाल्याने टोचलं. मग उत्तरेचे घोडेस्वार आले, मग कुठल्या कुठल्या फौजा, शेवटी पेंढारी. पेहराव वेगळे, भाषा वेगळ्या, प्रश्न एकच: धन कुठं आहे? उत्तर मिळालं नाही की मुंडकं उडायचं, कधी मूर्तीचं, कधी माणसाचं. पेठ जळाली, लोक उठून गेले, देव कुणीतरी गोणपाटात घालून नेला. घाण्यांच्या जागी बाभळी आल्या आणि आता सोयाबीन. चार खांब आणि अर्धं छत एवढंच उरलं.

आणि धन म्हणाल, तर माझ्या खांबाखाली काय आहे हे मला ठाऊक नसेल तर कुणाला? मुरूम आहे. त्याखाली काळी माती.

या पडक्या मंडपात थोडी जाग होती ती धनीबाईमुळे. शेजारच्या तांड्यावरची ही साठीची बाई पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांनी बाहेर आलेली. पायाळू माणसाने पाठीला लाथ मारली की चमक जाते, असं आमच्याकडे मानतात. चांगले मिशीवाले जमीनदार माझ्यासमोर पालथे पडायचे आणि धनीबाई डावा पाय उचलून हाणायची. मला त्याची भारी मजा वाटायची. देवळालगतच्या शेताचे मालक मारोतराव तर दर पेरणीला यायचे.

"जोरानं मार व माय."

"मारतो ना भाऊ, लाथीले का तोटा हाय माह्याजवळ?"

पण पायाळूबद्दल लोक आणखी एक गोष्ट मानतात. त्याला म्हणे जमिनीखालचं धन दिसतं.

गेल्या दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला गेला. धनीबाईचा नवरा गेला, मुलं गेली. ती शेळ्यांपायी मागे राहिली. बाजाराच्या दिवशी सगळं गाव रिसोडला गेलेलं असताना मारोतरावांनी पाठ धरली म्हणून तिला भरदुपारी मंडपात बोलावलं. सोबत त्यांचा मुलगा पवन आणि कुठून तरी आणलेला एक मांत्रिक. तिने पाय उचलायच्या आतच पवनने तिला खाली पाडलं. मांत्रिकाने तिच्या डोळ्यांत मंतरलेलं काजळ कोंबलं.

"पाह्य! कुठी हाय धन?"

"मले काईच दिसून नाही राह्यलं, बापा."

पवनने फावड्याच्या दांड्याने तिच्या पायावर मारलं, आणि मारतच राहिला. हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. मांत्रिकाने कोंबडा कापला, रक्त शिंपडलं, थोडा थांबला आणि मान हलवून म्हणाला, "कोंबड्यानं भागत नाही. याले पायाळूचंच रगत लागते."

धनीबाईने मारोतरावांकडे पाहिलं. मारोतराव सोयाबीन काढलेल्या मोकळ्या रानाकडे पाहू लागले. तेव्हा मला जो संताप आला तो फौजांचाही आला नव्हता. फौजांना तिचं नाव तरी कुठं ठाऊक असतं?

"थांबा," ती म्हणाली. "दिसलं. त्या खांबाखाली हाय."

तो माझा खांब होता. पावसाळ्यापासून तो हलत होता. शेळ्या अंग घासायला आल्या की वरून माती झरायची आणि धनीबाई त्यांना ओढून लांब बांधायची. बाईला सगळं ठाऊक होतं.

"पण मी इथं राह्यलो तं धन सरकून जाते," ती पुढे म्हणाली. "पायाळूची सावली पडू देऊ नोका. मले उन्हात न्या."

धन सरकतं, हे तर मांत्रिक स्वतःच लोकांना सांगत फिरायचा. त्याने लगेच मान डोलावली. मारोतरावांनी तिला दंडाला धरून बाहेर फरफटत नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. पवन खणू लागला. मांत्रिक कडेला वाकून बघत होता. पहार मुरमात घुसली की झिणझिण्या माझ्या डोक्यापर्यंत यायच्या. त्यांच्या अंगावर सगळं टाकून द्यावं असं मला फार वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या हातांना सोडून देणं ठाऊकच नाही. मी धरून राहिलो. खांबाचं बूडच सुटलं आणि छताची शिळा माझ्यासकट त्या दोघांवर कोसळली.

मांत्रिक जागच्या जागी गेला. पवनचा एक हात शिळेबाहेर होता. बोटं माती उकरत होती. मारोतरावांनी शिळा ओढली, नखं तुटली, पोराच्या नावाने टाहो फोडला. धनीबाई मोडका पाय ओढत आली आणि तिनेही शिळेला खांदा लावला. शिळा हलली नाही. बोटं थांबली.

"तुले माईत होतं," मारोतराव म्हणाले.

"तुमीच म्हणता ना भाऊ," ती म्हणाली, "पायाळूले जमिनीखालचं दिसते."

तिला वाटलं, सुटका झाली. पण जागेने दोन बळी घेतले म्हणजे खाली धन आहेच, आणि या बाईने ते बरोबर दाखवलं, असा बोभाटा मंगरूळपीरपर्यंत झाला. पंचनामा लिहिणाऱ्यानेसुद्धा कागद बाजूला ठेवून हळूच विचारलं, "खरं सांग, काय दिसलं व तुले?" तांड्यावर जीप येऊ लागल्या. कुणी साडी-चोळी आणायचं, कुणी सुरा दाखवायचं. पाय सांधल्यावर एका सकाळी शेळ्या मागे राहिलेल्या शेजारणीकडे सोडून ती नवऱ्याकडे उसाच्या फडावर निघाली. जाताना माझ्याजवळ टेकली.

"तुले बरं हाय रे ढेऱ्या. तुले कोणी काई इचारत नाही." आणि पदर तोंडात धरून रडली.

मी आता खड्ड्याच्या काठावर उताणा पडलो आहे. दोन हात तुटले. डोक्यावर काही नाही. इतकी शतकं हेच मागत होतो, आणि आता ते सोसवत नाही. समोर चार नवी माणसं नवी पहार घेऊन खणताहेत. खणा बाबांनो, तुमचे हात, तुमची पहार. तुम्हाला अडवणारा मी कोण?

पण कुठल्या उसाच्या फडात एखादी म्हातारी लंगडत मोळ्या बांधताना दिसली, तर पाणी द्या, सावलीला बसू द्या. फक्त ती जन्माला कशी आली, हे तिला विचारू नका.