मला पत्र्यावर चढवू नका

मित्रांनो, मी एका जुन्या जात्याची वरची तळी आहे. सोयाबीनच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या एका वाडीत, भागवतच्या घरी माझा मुक्काम. माझ्या बोलण्यात राग दिसला तर दिसू द्या. तो आहेच.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं, मधोमध भोक पाडलं. भागवतची आई आशाबाई नवी नवरी होती, तेव्हापासून तिने माझ्यावर ज्वारी दळली. घरात लग्न निघालं की मला हळकुंड बांधायचे, पहिली हळद माझ्यावरच दळायचे. केवढा मान! मग गावात विजेची चक्की आली आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. तेही सोसलं.

पण पुढचं मी विसरणार नाही. आश्विनात, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, इकडे दुपारून आभाळ भरतं आणि वारा गरगर फिरत येतो. भागवतने घराची तयारी केली ती कशी? पत्र्याला हुक मारले नाहीत, तारेने बांधला नाही. मला उचललं अन् पत्र्यावर नेऊन ठेवलं! "आता कसा उडतो, बघतोच मी," म्हणाला. अरे शहाण्या, माझ्या अगदी खाली तुझं तान्हं लेकरू झोळीत झोपलंय! मी किती ओरडले. दगडाचं कोण ऐकतं?

वारा आलाच. पत्रा फडफडला, उचलला, उडून गेला अन् मी थेट झोळीत कोसळले. झोळी फाटली, खालची फरशी फुटली. भागवतच्या बायकोने, पुनमने, रुद्रला दूध पाजायला नुकतंच उचललं होतं म्हणून तो वाचला. मला माझीच किळस आली.

वारा ओसरल्यावर या गृहस्थाने काय करावं? पत्रा शोधून आणला, परत बसवला अन् मला उचलायला वाकला!

"कुठं नेऊन राहिले तिला?" पुनमने विचारलं.

"वर. ह्या बारीला अजून दोन दगड ठिवतो."

पुनम लेकरासकट माझ्यावरच येऊन बसली. "मी उठत न्हाई. ठिवा आमाला बी वर."

भागवत चिडला. तेवढ्यात आशाबाई म्हणाली, "बराबर हाय तिचं. वर काहून नेतो? खाली गाड. भोकातून तार घाल अन् घर बांध तिला."

मग कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणला. माझ्या भोकातून जाड तार ओवून वरच्या लाकडाला ताणली आणि माती ठोकून बसवली. बाकीच्या कोपऱ्यांतही तार बांधलेले मोठे दगड तसेच गाडले, पत्र्याला हुक मारले. यंदा पुन्हा तसाच वारा आला. तार कुरकुरली, पण मी जागची हलले नाही. पत्रा तिथंच होता, रुद्र झोळीत होता.

तरी माझा राग गेलेला नाही. शेजारी संतराम आत्ता शिडी लावून पत्र्यावर दगड चढवतोय, आणि खाली त्याची नात प्रतिक्षा अभ्यास करत बसली आहे! माझा आवाज मातीबाहेर जात नाही. तुमचा जातो ना? आज घरी गेलात की वर बघा. दगड दिसला, तर त्याखाली कुणाचं अंथरूण पडतं ते मोठ्यांना विचारा. तुम्ही चढू नका. ज्यांनी तो चढवला त्यांनाच उतरवायला लावा, आणि तो खाली येईपर्यंत ताटावर बसू नका.