पळीभर क्षिप्रा

दुपारपासून सातव्यांदा अलकाबाई स्वयंपाकघरात डोकावल्या. फळीवर तपासणीचं औषध घातलेल्या दोन बाटल्या होत्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत त्यांच्या माठातलं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सुनेनं, मुक्तानं, काल त्या भरून ठेवल्या होत्या. चोवीस तासांत जी काळी पडेल, तिच्यातलं पाणी वाईट.

देवास गेटजवळ अलकाबाईंचा प्याऊ होता. नवरा गेल्यापासून अकरा उन्हाळे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजत होत्या. परवा शेजारचा पेपरवाला श्रीकांत जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात पडला आणि बाजारात कुजबुज सुरू झाली. तो दिवसभर त्यांच्याच माठातलं प्यायचा.

"माझ्या पाण्यात खोट? शक्यच नाही!" असं त्या सगळ्यांना ठणकावून आल्या होत्या. तुरटी फिरवायची, निवळलं की दुहेरी फडक्यातून गाळायचं, क्लोरीनचे थेंब मोजून टाकायचे, अर्धा तास थांबायचं. यात त्यांनी कधी कुचराई केली नव्हती. त्यानंतर त्या आणखी एक गोष्ट करायच्या, पण ती मुक्ताला माहीत नव्हती. कालपासून तीच त्यांना खात होती. धड बसवेना, धड जेववेना.

आठव्यांदा गेल्या तेव्हा माठाची बाटली काळी झाली होती.

मुक्ता घरी आली, बाटल्या उजेडात धरून म्हणाली, "नळाचं तर साफ आहे. आई, तुम्ही सगळं बरोब्बर करता, मग ही गडबड कुठून आली? पक्कं कोणीतरी गंदा हात घातला असणार."

सुटायची वाट आयती समोर आली होती. अलकाबाईंच्या ओठांवर 'हो' आलंही. मग त्या उठल्या आणि देवघरातला तांब्या तिच्यापुढे आणून ठेवला.

"रामघाटावरून क्षिप्रेचं पाणी आणते. सगळं झालं, की प्रत्येक माठात एक पळी घालते. ह्यांच्या नावानं. नुसतं नळाचं पाणी पाजून कसलं गं पुण्य, असं वाटायचं."

मुक्तानं पातेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि उकळायला ठेवलं.

संध्याकाळी ते थर्मासमध्ये भरून अलकाबाई एकट्याच दवाखान्यात गेल्या. सलाईन लावलेला श्रीकांत त्यांना बघून हसला.

"काकू, आपल्या प्याऊचं आणलंत ना? इथलं पाणी गळ्याखाली उतरतच नाही."

अलकाबाईंनी थर्मास घट्ट धरला.

"आधी माझं ऐकून घे," त्या म्हणाल्या. "मग माझ्या हातचं प्यायचं की नाही, ते तू ठरव."