स्टुलाखालचं टक्कल

दादाने तो व्हॅक्यूम क्लीनर घेतला तेव्हा दुकानातली दोन तगडी माणसं तो गाडीतून उतरवायला आली होती, आणि खाली ठेवल्यावर दोघांनीही कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. वहिनींनी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं. पण दादाचा चेहरा असा काही फुलला होता, की त्या म्हणाल्या, "छान आहे हो." हा एक शब्द त्यांना पुढे फार जड गेला. यंत्राइतकाच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकाच घराचे दोन भाग करून एकात तो आणि वहिनी, दुसऱ्यात मी, अशी आमची राहणी. मध्ये एक भिंत, तीही बेताचीच जाड. दादाचं आयुष्य लेथ मशीनवर गेलं. त्याच्या लेखी वजन म्हणजे माल. हलकी वस्तू दिसली की तिला नखाने टिचकी मारणार आणि "डबडं!" म्हणून बाजूला सारणार. निवृत्त झाल्यावर घरासाठी काहीतरी एकदाच आणि कायमचं घ्यायचं त्याच्या मनात होतं. दुकानात ओळीने उभी असलेली यंत्रं त्याने एकेक करून उचलून पाहिली आणि जे उचलताना कानशिलं लाल झाली, ते पसंत केलं. त्या दुकानातलं ते सगळ्यात भारी यंत्र, दोन्ही अर्थांनी. वहिनींनी त्याचं नाव ठेवलं पैलवान.

खोटं कशाला बोला, पैलवान काम चोख करायचा. खाली ब्रशचं रुंद तोंड, त्यावर एक छोटा दिवा, मग मान, मानेवर मोटर आणि धुळीची पारदर्शक टाकी, वर दांडा. सपाट जागी तो जवळजवळ आपणहून चालायचा आणि मागे गालिच्याचे धागे नुकतेच झोपून उठल्यासारखे उभे राहायचे. दादा पाहुण्यांना ती धुळीची टाकी दाखवायचा. "बघा, आपण समजत होतो घर स्वच्छ आहे!" पाहुणे बिचारे चहाचा कप हातात धरून मान डोलवायचे.

कामाची वाटणी अशी झाली, की पैलवानाचं आतलं सगळं दादाचं आणि बाहेरचं सगळं वहिनींचं. दादा फिल्टर धुवायचा, खिडकीत वाळत घालायचा आणि पोरगं आजारी असल्यासारखा मधूनमधून हात लावून बघायचा. ब्रशमध्ये अडकलेले केस कात्रीने कापताना दर वेळी विचारायचा, "अगं, एवढे केस कोणाचे?" घरात केस असलेलं माणूस एकच. दादाच्या डोक्यावर कित्येक वर्षांत कंगवा फिरलेला नाही.

आणि वहिनी? त्या तो ढकलायच्या. त्याची नळी आखूड. लांबचा कोपरा गाठायला ओढली की अख्खा पैलवान नडगीवर आडवा. सोफ्याखाली त्याचं तोंड जायचं नाही, तिथे त्या गुडघ्यांवर बसून झाडू घालायच्या. लांबलचक वायर हाताने गुंडाळायची. आणि दर आठवड्याला त्याला वरच्या मजल्यावर न्यायचं, कारण वरच्या दोन्ही खोल्यांत गालिचे. जिना लाकडी आणि अरुंद. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने दांडा, मागून गुडघ्याचा टेकू, असा पायरीपायरीने तो वर चढायचा. दादा तेव्हा बाजारात गेलेला असायचा. परत आला की विचारायचा, "कसा चालतोय?"

"छान चालतोय हो."

एकदा छान म्हटलं की म्हटलं. पहिल्या वर्षी शब्द मागे घेतला असता तर दादाने नुसतं तोंड वाकडं केलं असतं. पण जितकी वर्षं गेली तितका तो शब्द घट्ट होत गेला. शिवाय दादाचा स्वभाव मनाला लावून घेण्याचा. पूर्वी एकदा त्याने ठोकलेली फळी निखळून वहिनींच्या पायावर पडली, तर पठ्ठ्याने आठवडाभर धड जेवण केलं नाही आणि घरातल्या सगळ्या फळ्या उपटून काढल्या. स्वयंपाकघरातले डबे तेव्हापासून जमिनीवर आहेत. वहिनी वाकून वाकून डबे काढतात आणि म्हणतात, "बरंय, तेवढाच व्यायाम."

मग तो दिवस आला. वहिनी पैलवानाला घेऊन निम्मा जिना चढल्या होत्या आणि त्याची मान सुटली. उभा ठेवला की मानेत एक खिट्टी बसते. ती झिजली होती. खालचं धूड एकदम बाहेर झुललं, वहिनींना ओढून घेऊन खाली आलं आणि त्यांचं मनगट मोडलं. आवाज ऐकून मी धावत गेले. वहिनी खालच्या पायरीवर बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पाणी मागतील.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "आधी याला कोपऱ्यात नेऊन उभा करा. आणि ह्यांनी विचारलं तर मोजे म्हणायचं."

"मोजे?"

"मोज्यांवरून पाय घसरला. मोजे. लक्षात ठेवा."

मी पैलवानाला कोपऱ्यात उभा केला. मोजेही लक्षात ठेवले. आता यातला पेच बघा. नवऱ्याचं मन राखलं ते ठीक. पण दोष कोणाच्या तरी नावे टाकायलाच लागतो. मोज्यांच्या नावे टाकलेला दोष तिथे टिकला नाही, तो सरकत सरकत जिन्याच्या नावे गेला. आणि तो तिकडे सरकवला भाचीने.

दादाची ही एकुलती एक लेक दुसऱ्या गावात राहते. घरी आली की आधी गॅसची नळी बघते, मग औषधांच्या तारखा, मग आईबापांचे चष्मे. म्हणून दादा तिला इन्स्पेक्टर म्हणतो. आईचा हात गळ्यात बांधलेला बघून तिने चप्पलही काढली नाही. "बस्स. हा जिना तुमच्या वयाचा नाही. घराचा हा भाग विकायचा आणि माझ्याजवळ तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या."

"अगं, मोजे..." वहिनी म्हणाल्या.

"आज मोजे, उद्या चक्कर. आई, मी ऐकणार नाही."

मी दादा-वहिनींच्या तोंडांकडे बघत होते. ज्या घरात भिंतीला कान लावला की पलीकडे कोण खोकतंय ते मला कळतं, ते घर जाणार होतं, आणि एक वाक्य बोललं तर वाचणार होतं. पण ते वाक्य वहिनींचं होतं, मी ते बोलायची नव्हते. त्यांना एकटीला गाठून म्हटलं, "सांगून टाका ना दादाला." तर म्हणाल्या, "घर गेलं तर दुसरं मिळेल वन्सं. ते मनाला लावून बसले तर मी काय डबे अजून खाली ठेवू? जमिनीच्या खाली काय असतं?"

प्लास्टर होतं तोवर घराची सफाई दादाने अंगावर घेतली. वहिनी तेवढे दिवस माझ्याकडेच बसायच्या. भिंतीपलीकडून पैलवानाची घरघर यायची. चांगली लांबलचक. मग दादा घाम पुसत यायचा. "झालं. वरचंही केलं."

"वर नेलात?" वहिनींचे डोळे मोठे व्हायचे.

"त्यात काय? दांडा धरायचा आणि चढायचं."

मला तेव्हा एवढंच जाणवलं, की ती घरघर एकाच जागेवरून येते, पुढेमागे होत नाही. म्हटलं, वय झालंय, सावकाश ढकलत असेल. त्याच सुमारास दादाने बैठकीच्या खोलीत मध्येच एक लाकडी स्टूल आणून ठेवलं आणि त्यावर एक कुंडी. इतक्या वर्षांत त्याला कधी झाडाची आवड नव्हती. पण माणूस निवृत्तीनंतर बदलतो, असंही म्हटलं.

हात बरा झाला. पैलवान खालीच उभा राहिला. वरच्या खोल्या "आता विकायचंच आहे तर कशाला" म्हणून तशाच राहिल्या. आणि घर बघायला माणसं येणार असं दलालाने कळवलं. त्याच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्टर बाह्या सरसावून हजर.

"आज सगळं घर मी चकाचक करते. तुम्ही दोघं बसा. आत्या, तूसुद्धा बस."

आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने बसलो. तिने पैलवान चालू केला, खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि कुंडीसकट स्टूल उचलून बाजूला ठेवलं. दादा अर्धवट उठला आणि परत बसला.

स्टुलाखाली गालिच्याला टक्कल पडलं होतं. धागा म्हणून उरला नव्हता, खालचं विणकाम दिसत होतं. लांबट चौकोन, कडा सरळ.

"हे काय?"

"कसर," दादा म्हणाला. "कसर लागली असेल."

वहिनींनी त्या चौकोनाकडे पाहिलं. मग पैलवानाच्या तोंडाकडे. मग परत चौकोनाकडे. मग दादाकडे असं काही पाहिलं, की मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

इन्स्पेक्टरचं लक्ष नव्हतं. तिने खालचं आवरलं, प्लग काढला आणि दांडा धरून जिना चढायला लागली. व्यायामशाळेत जाणारी मुलगी, पहिल्या पायऱ्या झपाझप चढली. मग तिचा वेग मंदावला. मग "आई गं" ऐकू आलं, मग खिट्टीचा कट्ट आवाज. ती कठड्याला बिलगली म्हणून वाचली. पैलवान मात्र एकेक पायरी मोजत, दिव्याची काच उडवत, धुळीची टाकी फोडत खाली आला आणि आमच्या पायाशी आडवा पडला. खोलीभर धूळ.

दादा धावला. पैलवानाला ओलांडून धावला, त्याच्याकडे नजरही न टाकता; हे मी त्याच्या खात्यावर तेव्हाच जमा केलं. "लागलं का गं? लागलं का?"

"नाही बाबा." ती पायरीवर बसली. "आई, तू हे वर नेत होतीस? दर आठवड्याला?"

"नेत होते की."

"आणि त्या दिवशी?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मोजे," वहिनी म्हणाल्या. पण आवाजात जीव नव्हता.

दादा पैलवानाजवळ उकिडवा बसला. अंगठ्याने मानेची खिट्टी दाबली, सोडली, परत दाबली. लेथवरचा माणूस, त्याला दुसऱ्यांदा दाबायची गरज नव्हती. "झिजलीये," तो हळूच म्हणाला. "कधीची झिजलीये." मग त्याने वहिनींच्या मनगटाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरायला लागला. फळीच्या वेळी उतरला होता तसाच.

वहिनींनी तो पुरता उतरू दिला नाही. ताडकन उठल्या.

"मला काय बघताय? तुम्ही सांगा! माझा हात गळ्यात होता तेव्हा तुम्ही हा वर नेलात कसा?"

"नेला की. दांडा धरायचा..."

"आणि चढायचं! आणि कसर? कसर अशी पट्टी लावून खाते का हो? नेमकं याच्या तोंडाएवढं?"

दादा धुळीत बसल्या बसल्या टकलावरून हात फिरवायला लागला.

"चार पायऱ्या नेला होता," शेवटी तो म्हणाला. "पुढे जमेना. मग खाली चालू करून ठेवायचो, आणि वर झाडूने झाडायचो."

"चालू कशाला ठेवायचा?"

"तुला आवाज यायला हवा ना! भिंतीपलीकडे तुम्ही दोघी कान देऊन बसलेल्या. माझ्याच्याने उचलवत नाही असं कळलं असतं, तर ही इन्स्पेक्टर एकाऐवजी दोघांना नापास करणार. मग घर काय, भांडीसुद्धा ठेवली नसती." त्याने गालिच्याकडे बोट केलं. "ब्रश आत फिरत राहतो हे लक्षात आलं नाही. बघितलं तेव्हा टक्कल पडलं होतं. मग स्टूल आणलं."

"आणि कुंडी," मी म्हटलं.

"नुसतं स्टूल वेडं दिसत होतं."

आधी वहिनी हसल्या. हसता हसता खाली बसल्या, तोंडाला पदर लावून, धुळीने शिंका येत होत्या तरी हसत होत्या. मग इन्स्पेक्टर. ती तर पायरीवर आडवीच झाली. दादा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग त्यालाही राहवलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर भाची जिन्याकडे वळली. मोकळ्या हाताने वर गेली, खाली आली. वहिनींना म्हणाली, "आई, तू जा बघू." वहिनी वर गेल्या, वरच्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "बोल, काय आणू?" आणि खाली आल्या. दमसुद्धा लागला नव्हता.

"म्हणजे जिन्याला काहीच झालेलं नाही," इन्स्पेक्टर म्हणाली. "मी उगाच त्याच्या मागे लागले." तिने फोन उचलला आणि दलालाला सांगितलं, "उद्या कोणाला आणू नका. घर विकायचं नाहीये." पलीकडून तो काय म्हणाला कोण जाणे. "कारण? अहो, कसर लागलीये," ती म्हणाली आणि फोन ठेवला. वहिनींनी इतका लांब श्वास सोडला, की मला वाटलं कित्येक महिने त्यांनी तो आत धरून ठेवला होता.

आता वरच्या मजल्यासाठी एक हलका, काठीएवढा व्हॅक्यूम आलाय. भाचीनेच पाठवला. दादाने त्याला टिचकी मारली, "डबडं" म्हणाला, आणि मग स्वतःच वरच्या भिंतीला खुंटी ठोकून त्याला टांगून ठेवला. खुंटी ठोकून झाल्यावर तिला लोंबकळून पाहिलं. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात एक फळीही लागली.

पैलवानाला दादाने नवी टाकी, नवी काच, नवी खिट्टी बसवली. तो खालीच असतो आणि त्याला दादाच ढकलतो. वहिनींनी आतलं-बाहेरचं दोन्ही त्याच्या नावावर करून टाकलंय. भिंतीपलीकडून मला घरघर ऐकू येते. पुढे येते, मागे जाते, पुढे येते. काल मध्येच थांबली.

"अगं, हा सोफ्याखाली जातच नाही!"

"कधी गेला होता?" वहिनींचा आवाज आला.

मग झाडूचा आवाज. टक्कल मात्र वहिनींनी उघडंच ठेवलंय. पाहुण्यांनी विचारलं की सांगतात, "ही ह्यांची मेहनत."